बोटांची पारख आणि यंत्राचे माप

मऊ आणि कठीण यांतला भेद ओळखणे हे स्त्रीच्या बोटांचे रोजचेच काम आहे. भाताचे शीत शिजले की नाही, कणीक नीट मळली की नाही, ज्वारीचे कणीस हुरड्याला आले की पुढे गेले, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकविलेले नसते. बोटे दाबून पाहतात आणि निवाडा देतात. ह्याच साध्या ज्ञानावर स्त्रीच्या एका भयंकर रोगाचे निदान हजारो वर्षे अवलंबून होते, आणि आज तेच ज्ञान यंत्राच्या पडद्यावर आकड्यांच्या रूपाने उमटू लागले आहे, ही हकीकत पुष्कळ भगिनींना नवी वाटेल. स्तनातील गाठीचा कठीणपणा मोजण्याची विद्या कशी उदयास आली, आणि रोगाच्या वेळीच तपासणीच्या इतिहासात आपल्या धाराशिव जिल्ह्यातील स्त्रियांचा वाटा केवढा आहे, ह्या दोन गोष्टी वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एकत्र सांगण्याचे योजिले आहे. वरवर त्या निराळ्या दिसल्या तरी शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

स्तनांच्या रोगाची सर्वांत जुनी नोंद इजिप्त देशात सापडलेल्या एका वैद्यकीय लेखात आहे. एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखला जाणारा हा लेख इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला समजला जातो. स्तनावर उठलेल्या गाठींना हात लावून पाहावे, त्या हाताला थंड लागतात की काय ते ध्यानात घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. आणि अशा गाठींना उपाय नाही, असेही वैद्याने स्पष्टपणे लिहून ठेविले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रोग जाणण्याची साधने म्हणून पाच ज्ञानेंद्रिये आणि रोग्याला विचारलेले प्रश्न अशी सहा सांगितली आहेत. त्यांपैकी स्पर्शाने शीत की उष्ण, मृदू की कठीण हे ओळखावे, असा निर्देश आहे. त्याच ग्रंथात अर्बुदाचे वर्णन गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे केलेले आढळते. गाठ दुखत नाही म्हणून काळजीचे कारण नाही, हा समज आजही घरोघर ऐकू येतो. तो किती घातक आहे हे ह्या जुन्या वर्णनावरूनच दिसून येईल.

परंतु हाताच्या पारखेला दोन मर्यादा होत्या. एक म्हणजे, एकाच्या हाताला जे कठीण लागले ते दुसऱ्याला तसे सांगावयाचे कसे? कठीणपणाला तोळा-मासा नाही, वार-गज नाही. दुसरी मर्यादा लज्जेची. परपुरुषाने, मग तो डॉक्टर का असेना, अंगाला हात लावणे बहुतेक स्त्रियांना नकोसे वाटे, आणि त्यामुळे गाठ पदराआड वाढत राही. ही अडचण केवळ आपल्याच देशातली नव्हे. १८१६ साली पॅरिस येथे लेनेक नावाच्या डॉक्टराकडे एक तरुण स्त्री हृदयाच्या दुखण्यासाठी आली असता, तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि त्यातूनच आजच्या स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. स्त्रीच्या संकोचाचा मान राखण्याच्या खटाटोपातून वैद्यकाला एक मोठे साधन मिळाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शरीराच्या आत डोकावण्याचे दुसरे साधन ध्वनीतून आले. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी ह्या बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. त्याच गुणाचा उलटा उपयोग करून, विजेने स्फटिक थरथरवून, मनुष्याच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी निर्माण करता येतात. ह्या लहरी शरीरात सोडल्या की निरनिराळ्या भागांवरून त्यांचा प्रतिध्वनी परत येतो आणि त्यावरून चित्र तयार होते. हीच सोनोग्राफी. तिचा वैद्यकातील इतिहास बहुतेकांना गर्भाच्या तपासणीपासून आठवतो, कारण ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांचा प्रसिद्ध लेख १९५८ साली निघाला. परंतु त्याच्याही आधी, १९५२ च्या सुमारास, अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जॉन वाइल्ड हा शस्त्रवैद्य आणि जॉन रीड हा अभियंता ह्या दोघांनी स्तनातील गाठींवरच ध्वनिलहरींचा प्रयोग चालविला होता. म्हणजे सोनोग्राफीचे पहिले पाऊल ज्या थोड्या कामांसाठी पडले, त्यांत स्तनांची गाठ हे एक होते.

आपल्या महाराष्ट्रात मात्र ह्या यंत्राची कीर्ती निराळ्याच कारणाने झाली, आणि ती सांगताना मान खाली घालावी लागते. गर्भातील मुलगी ओळखून तिला जन्मापूर्वीच नाहीशी करण्याकडे ह्या साधनाचा उपयोग होऊ लागला. स्त्री-संघटनांच्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने त्याविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. पुढे १९९४ मध्ये सर्व देशासाठी कायदा झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. यंत्रात दोष नसतो, ते ज्याच्या हाती पडते त्याच्या बुद्धीत असतो. जे यंत्र मुलीच्या जिवावर उठले, तेच यंत्र तिच्या आईच्या प्राणरक्षणाच्या कामी यावे, ह्यात आपल्यासारख्या मंडळांनी लक्ष घालण्याजोगे पुष्कळ आहे.

आता मूळ विषयाकडे वळू. सोनोग्राफीत गाठ दिसते, तिचा आकार व कडा दिसतात, आत पाणी आहे की मांस हेही बहुधा कळते. परंतु ती मऊ आहे की कठीण, हे साध्या चित्रात दिसत नाही. म्हणजे डोळा मिळाला, पण बोटे हरवली! ही उणीव भरून काढण्याचा मार्ग अमेरिकेतील ह्यूस्टन येथील जोनाथन ओफिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला 'इलॅस्टोग्राफी' असे नाव दिले. त्यांची युक्ती कणकेच्या गोळ्यावरून समजावून घेता येईल. मळलेल्या कणकेत एक खडा राहिला आहे असे समजा. गोळा वरून दाबला तर कणीक चपटी होते, खडा मात्र आहे तसाच राहतो. त्याचप्रमाणे गाठीचे चित्र दाबण्यापूर्वी एकदा आणि किंचित दाबल्यावर एकदा घेतले, आणि कोणता भाग किती दबला ह्याचा हिशेब यंत्राने केला, तर जो भाग कमी दबला तो कठीण ठरतो. १९९८ मध्ये टॉमस क्राउस्कॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनातील निरनिराळ्या ऊतींची ताठरता प्रयोगशाळेत मोजून प्रसिद्ध केली. कर्करोगाची गाठ भोवतालच्या चरबीहून कित्येक पटींनी कठीण असते, हे जे हातांना ठाऊक होते, ते आता आकड्यांत उतरले.

पुढे जपानमधील त्सुकुबा येथील डॉक्टरांनी ह्या चित्राच्या रंगांवरून १ ते ५ अशी गुणपद्धती बसविली. त्यांचा निबंध २००६ मध्ये निघाला. सर्व भाग दबत असेल तर १ गुण; गाठ आणि तिच्या भोवतालचा भागही दबत नसेल तर ५. येथे गुण जितके अधिक तितकी काळजी अधिक, हे निराळे सांगावयास नकोच.

तरीही एक अडचण शिल्लक होती. दाबणारा हात मनुष्याचाच होता. कोणी हलके दाबी, कोणी जोराने. जोराने दाबल्यास मऊ भागही ताठ होतो आणि कठीण भासतो. एकीने घेतलेले माप दुसरीच्या मापाशी जुळेना. येथेच ह्या विद्येचे स्वयंचलित होणे सुरू झाले. १९९८ मध्ये अर्मेन सार्वाझ्यान यांनी, आणि नंतर पॅरिस येथे माथिआस फिंक, मिकाएल तांतेर व जेरेमी बेर्कोफ यांनी, हाताने दाबण्याऐवजी ध्वनिलहरींच्याच झोताने आतील भागाला सूक्ष्म धक्का देण्याची रीत पुढे आणली. धक्का बसला की तेथून आडव्या लहरी पसरतात. वाळत घालावयाच्या दोरीला झटका द्या. दोरी ढिली असेल तर लहर हळू सरकते, ताणलेली असेल तर झर्रकन दुसऱ्या टोकाला जाते. तसेच मऊ ऊतीत ही लहर सावकाश चालते आणि कठीण ऊतीत वेगाने. यंत्र तो वेग मोजते आणि त्याच्या वर्गावरून कठीणपणा काढते. किलोपास्कल हे त्याचे एकक होय. वेग सेकंदाला २ मीटर असेल तर कठीणपणा सुमारे १२ किलोपास्कल येतो. वेग ५ मीटर असेल तर ७५. वेग अडीच पट झाला की कठीणपणा सहा पटींहून अधिक होतो, म्हणूनच मऊ व कठीण यांतले अंतर आकड्यांत इतके स्पष्ट दिसते.

ह्या रीतीचा पडताळा अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून घेतला व तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९३९ गाठींचा विचार करण्यात आला आणि त्यांपैकी २८९ कर्करोगाच्या निघाल्या. साध्या सोनोग्राफीच्या जोडीला कठीणपणाच्या रंगीत चित्राचा आधार घेतला तेव्हा निरुपद्रवी गाठ निरुपद्रवी म्हणून ओळखली जाण्याचे प्रमाण ६१.१ टक्क्यांवरून ७८.५ टक्क्यांवर गेले. ह्याचा व्यवहारातला अर्थ असा की, विनाकारण सुई टोचून घेण्याचे आणि निकालाची वाट पाहत रात्री जागविण्याचे पुष्कळ प्रसंग टळू शकतात. २०१३ पासून स्तनांच्या सोनोग्राफीचा अहवाल लिहिण्याच्या अमेरिकन पद्धतीत मऊ, मध्यम आणि कठीण अशी नोंदही समाविष्ट झाली. ही पद्धत आपल्या देशातील डॉक्टरही वापरतात. आता तर गाठीची कड आखणे, मापासाठी योग्य जागा निवडणे, दाब फार झाला तर सूचना देणे, चरबीशी तुलना करून गुणोत्तर काढणे, अशी कामेही संगणकाकडे सोपविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

इतके वाचून कोणी असे समजू नये की यंत्र आता सर्वज्ञ झाले. काही कर्करोग मऊ असतात. काही निरुपद्रवी गाठींत चुना साठून त्या दगडासारख्या होतात. फार खोल किंवा फार कठीण गाठीत लहर नीट पोहोचतच नाही आणि मापाची जागा रिकामी राहते. अशा वेळी आकडा नाही म्हणून रोग नाही, असा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. शंका असेल तेथे शेवटचा निर्णय सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतो. यंत्राचे माप ही साक्ष आहे, निकाल नव्हे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, यंत्र दवाखान्यात असते आणि बाई घरी असते. मधले अंतर कोणते यंत्र कापणार? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला दूर जावे लागत नाही.

आरंभ मुंबईपासून करू. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या मुळाशी सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांची स्मृती आहे. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. बालविवाहाविरुद्ध आणि स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या, स्त्रियांच्या परिषदा उभारणाऱ्या अशा त्या कार्यकर्त्या होत्या, म्हणून महिला मंडळाच्या पानावर त्यांचे नाव आदराने घेणे उचित होय. परंतु त्या काळी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि १९४८ च्या मुक्तीनंतरही आपल्या खेड्यांतील गरीब बाईला परळ म्हणजे परमुलुखच होता.

हे अंतर पहिल्यांदा कमी केले ते शेजारच्या बार्शीने. तेथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. मुंबईची नोंदवही १९६३ पासून होती, पण खेड्यांची अशी नोंद देशात कोठेच नव्हती. ह्या नोंदवहीत सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आपल्या जिल्ह्यातील परांडा व भूम ह्या तालुक्यांतील मिळून ३४६ गावे होती. दवाखान्यात आलेल्यांची नावे टिपून हे काम भागण्यासारखे नव्हते, कारण खेड्यातली बाई दवाखान्यात येतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडले, लक्षणे समजावून देत गेले, संशय वाटेल त्या माणसाला तपासणीस येण्याची विनवणी करीत गेले. त्याचा परिणाम १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. केवळ समजावून सांगण्याने हे घडले.

त्याच पायावर ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडण्यात आले आणि ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात आल्या. गर्भाशयमुखाच्या तपासणीच्या तीन रीतींपैकी कोणती अधिक प्राण वाचविते, हे पाहावयाचे होते. ज्यांना तपासणीस बोलाविले त्यांपैकी सुमारे ७९ टक्के स्त्रिया आल्या. शेतातली खुरपणी सोडून, सासूची नि धन्याची परवानगी काढून, जन्मात कधी अशा तपासणीस न गेलेल्या बायका आल्या, हा आकडा लहान मानू नये.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोगाच्या मुळाशी असणारा एच.पी.व्ही. विषाणू शोधण्याची तपासणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात, आठ वर्षांच्या काळात, ह्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ६४ झाले. दोन्ही गट साधारण सारख्याच संख्येचे होते. ह्या निष्कर्षाचा आधार जगभरच्या तज्ज्ञांनी घेतला. मात्र तुलनेच्या गटातील स्त्रियांना ती तपासणी मिळाली नव्हती, आणि असे करणे न्याय्य होते काय, ह्यावर पुढे कडक टीकाही झाली. ती टीकाही आपण विसरता कामा नये. जगाला मिळालेल्या ज्ञानाची किंमत आपल्याच गावच्या आयाबहिणींनी चुकती केली आहे. तेव्हा त्या ज्ञानाचा पहिला लाभही त्यांच्याच लेकीसुनांना मिळावयास हवा, असे म्हणण्याचा आपल्याला पुरा अधिकार आहे.

स्तनांच्या बाबतीत असाच प्रश्न मुंबईच्या वस्त्यांत विचारला गेला. १९९८ मध्ये टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी केली. यंत्र कोणतेच नव्हते. २०२१ मध्ये निष्कर्ष आला तो असा: तपासणी झालेल्यांत रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के, न झालेल्यांत ४७ टक्के. ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांत स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयांचा मिळून विचार करता घट १५ टक्के दिसली, पण ती निश्चित म्हणता येण्याइतकी नव्हती. आणि ५० च्या आतील स्त्रियांत तसा फायदा आढळला नाही. जे सिद्ध झाले तेवढेच सांगावे, हे बरे. परंतु शिकवून तयार केलेल्या बाईच्या साध्या बोटांत एवढे सामर्थ्य आहे, हे काही थोडे नव्हे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढील स्त्रियांच्या तपासणीसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांतही स्तनांसाठी प्रशिक्षित हाताची तपासणी हीच पहिली पायरी ठरविली आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बोटे विरुद्ध यंत्र असा झगडा मुळीच नाही. इतिहास पाहिला तर यंत्राने बोटांचीच विद्या उचलली आणि तिला माप दिले. बोटांनी गाठ शोधावी, यंत्राने ती पारखावी, सुईने निकाल द्यावा. मात्र ह्या तिन्हींच्या आधी एक पायरी आहे, आणि ती म्हणजे स्त्रीने स्वतः उठून तपासणीस जाणे. ही पायरी स्वयंचलित करणारे यंत्र अद्याप निघालेले नाही आणि निघणारही नाही. ती चढावयास लावणारी माणसेच लागतात. परांडा-भूमच्या गावांत हिंडलेल्या कार्यकर्त्यांनी ते काम केले, आणि महिला मंडळाचे कामही तेच आहे.

तेव्हा भगिनींनो, स्तन हा शब्द उच्चारताना लाजण्याचे कारण नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे भिणाऱ्या मैत्रिणीला सांगावे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, हे निष्काळजी मैत्रिणीला सांगावे. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून रक्त आले, तर सणवार, सुगी किंवा लग्नसराई उरकण्याची वाट न पाहता जवळच्या शासकीय दवाखान्यात जावे, आणि एकटीला जाण्याचा संकोच वाटत असेल तर मंडळाच्या दोघींनी तिच्याबरोबर जावे. आपल्या जिल्ह्यातील हजारो स्त्रियांनी एकदा घराचा उंबरठा ओलांडून जगाच्या वैद्यकाला शहाणे केले. त्यांच्या लेकीसुनांनी तो स्वतःसाठी ओलांडावा, एवढेच ह्या वर्धापनदिनी मागणे आहे.